बंपरमधली जोड

मोटारींचं संग्रहालय बघायला जायचं असेल तर प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस बरोबर न्यावा. मोटारींचे शौकीन नेऊ नयेत. ते इंजिन किती सीसीचं ते सांगतात, शून्यापासून साठपर्यंत किती सेकंदांत ते सांगतात, ही गाडी कुठल्या नटाकडे होती तेही सांगतात, आणि आपण हं हं करत पुढे सरकत राहतो. माझे बाबा टेल्कोत होते. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन जमाना झाला, 2003 साली झालं ते, पण निगडी-चिंचवडच्या त्यांच्या पिढीला ते अजून मान्य नाही. नोकरीची सगळी वर्षं प्रेस शॉपला गेली. इकडून पत्रा आत, तिकडून दरवाजा बाहेर. त्यामुळे कुठलीही गाडी दिसली की बाबा जरा वाकतात, एक डोळा मिटतात आणि दोन पत्र्यांमधली फट सगळीकडे सारखी आहे का ते बघतात. वरातीतल्या सजवलेल्या गाडीचीसुद्धा बघतात. आई म्हणते, "मला बघायला आले तेव्हाही असाच एक डोळा मिटला होता."

आम्ही इंग्लंडातल्या लेमिंग्टन स्पाला राहतो. टाटांनी 2008 मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलर्सना घेतल्यापासून या भागात पुणेरी मराठी कानावर पडायला लागली. माझा नवरा रोज गेडनला कामाला जातो. ब्रिटिश मोटर म्युझियम त्याच्या ऑफिसच्या अगदी शेजारी, म्हणजे रोज तो त्या पाटीवरून जातो आणि आत कधी गेला नव्हता. पुण्याचा माणूस शनिवारवाड्यात जातो कधी? पाहुणे आले की. तर आमच्याकडेही पाहुणे आले, आणि एका रविवारी आई, बाबा, नवरा, चिरंजीव आणि धपाट्यांचा डबा अशी आमची वरात निघाली.

गेडनचा हा सगळा माळ पूर्वी ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. 1955 मध्ये इथे व्हॅलियंट विमानं आली, अणुबॉम्ब वाहून नेणारी. पुढे विमानं गेली, मोटारवाले आले, आणि धावपट्टीच्या जागी गाड्यांच्या चाचण्या सुरू झाल्या. संग्रहालय 1993 मध्ये उघडलं, तेव्हा त्याचं नाव हेरिटेज मोटर सेंटर होतं. 2016 पासून ब्रिटिश मोटर म्युझियम. आत तीनशेहून जास्त गाड्या आहेत. नवऱ्याने हे सगळं पार्किंगमध्येच सांगून टाकलं. पुढे टाटांचा फोर्डने अपमान कसा केला आणि टाटांनी त्याचा वचपा कसा काढला, ही दर महिन्याला व्हॉट्सॲपवर फिरणारी कथाही त्याने सुरू केली. बाबांनी ती मध्येच तोडली. "वचपाबिचपा काय नसतं. पडल्या भावात मिळाली, घेतली. पुढे चालवली हे महत्त्वाचं."

आत शिरल्यावर काळाच्या क्रमाने जाता येतं, पण तो क्रम आम्ही पहिल्या काही मिनिटांतच सोडला. सुरुवातीचा एक कायदा मात्र आईला फार आवडला. 1865 च्या कायद्यानुसार इंग्लंडात वाफेवर चालणाऱ्या गाडीपुढे साठ यार्डांवर एक माणूस लाल झेंडा घेऊन चालत असे, आणि गाडीचा वेग गावात ताशी दोन मैल, गावाबाहेर चार. झेंडा 1878 मध्ये गेला. वेग मात्र 1896 पर्यंत तेवढाच राहिला. आईला हे ऐकून हसू आवरेना. "म्हणजे बायका भाजी आणायला निघाल्या तरी गाडीच्या पुढेच!"

विल्यम मॉरिसपाशी बाबा थोडे रेंगाळले. हा माणूस सोळाव्या वर्षी घरामागे सायकली दुरुस्त करायला बसला, हाताशी चार पौंडांचं भांडवल. पुढे तो लॉर्ड नफील्ड झाला आणि आयुष्यभरात त्याने कोट्यवधी पौंड इस्पितळं आणि विद्यापीठांना वाटून टाकले. सुरुवातीच्या मॉरिस गाडीत त्याचं स्वतःचं फारसं काही नव्हतं. इंजिन कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्याकडून, बाकीचे भाग असेच दुसरीकडून, आणि ऑक्सफर्डजवळ काउलीला आणून जोडायचं. बाबांना हे लगेच पटलं. "भोसरीत हेच चालतं. एक जण कास्टिंग देतो, एक जण मशीनिंग. नाव शेवटच्या माणसाचं."

पण बाबांचा खरा मुक्काम पडला 1948 मध्ये.

त्या एका वर्षात ब्रिटनने तीन गाड्या जगापुढे आणल्या आणि तिन्ही या छताखाली बघायला मिळतात: लँड रोव्हर, मॉरिस मायनर आणि जॅग्वार एक्सके 120. युद्ध जिंकलेला हा देश तेव्हा कफल्लक होता. साखर शिधापत्रिकेवर, पेट्रोल शिधापत्रिकेवर, आणि पोलाद कुणाला द्यायचं तर जो माल परदेशी विकून डॉलर आणेल त्याला. त्या टंचाईतून या देशाने इतक्या गाड्या बाहेर पाठवल्या की 1950 साली मोटारींच्या निर्यातीत ब्रिटन जगात पहिला होता. अमेरिकेच्याही पुढे. मला हे माहीत नव्हतं. आपल्या डोक्यात ब्रिटिश गाडी म्हणजे एक तर राजेशाही, नाही तर बंद पडलेली.

लँड रोव्हरपाशी बाबा वाकले, डोळा मिटला, आणि बराच वेळ तसेच राहिले. मग जावयाला बोलावलं. "हे बघा. कुठं गोलाई नाही. सगळा पत्रा सपाट. नुसतं बेंडिंग केलंय. याला डायच लागला नाही." मला त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. गाडीच्या दरवाज्याला किंवा बॉनेटला फुगीर आकार द्यायचा तर त्या आकाराचा पोलादी साचा, म्हणजे डाय, करावा लागतो. त्याला महिनोन्‌महिने जातात आणि पैसा इतका लागतो की लाखाने गाड्या खपल्याशिवाय तो वसूल होत नाही. मॉरिस विल्क्सने अँगलसी बेटावरच्या आपल्या शेतासाठी ही गाडी कल्पिली तेव्हा रोव्हर कंपनीकडे ना डायला पैसा होता ना पोलादाचा कोटा. म्हणून ॲल्युमिनियमचा मिश्रधातू घेतला, कारण तो मिळत होता, आणि तो सरळ रेषांत दुमडला. रंगही हलका हिरवा, विमानांसाठी केलेला, उरलेला. सत्तर-पंचाहत्तर वर्षं जगभर लोक ज्या चौकोनी चेहऱ्यावर फिदा आहेत तो चेहरा असा गरजेतून आला. आज त्या चौकोनीपणासाठी मुद्दाम जादा पैसे मोजतात, हे नवऱ्याने खासगीत सांगितलं.

एक्सके 120 पाशी गर्दी होती, साहजिकच आहे, इतकी देखणी गाडी आहे ती. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण हवेतच, वीतभर वरून. "हातानं ठोकलंय," म्हणाले. खरंच आहे ते. जॅग्वारला वाटलं होतं ही गाडी एकूण दोनशे खपतील, म्हणून पहिल्या गाड्या लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियम बसवून केल्या. मागणी वाढली तेव्हा डाय करावे लागले आणि 1950 पासून ती पोलादी झाली. लोक फोटो काढत होते. बाबा मात्र सरकले, कारण पलीकडे त्यांना अँबॅसिडर दिसली होती.

ती अँबॅसिडर नव्हती. 1948 ची मॉरिस मायनर होती, कारखान्यातून निघालेली पहिलीच. पण बाबांचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही, घराणं एकच. आपली अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचं तिसरं मॉडेल. इकडे काउलीला ते 1956 ते 1959 एवढंच चाललं. बंगालमध्ये उत्तरपाड्याला ते 2014 पर्यंत निघत राहिलं. इथे तीन वर्षांत जुनी झालेली गाडी आपल्याकडे अर्धशतकाहून जास्त काळ कलेक्टर, आमदार, नवरानवरी आणि एसटी चुकलेले नऊ-दहा प्रवासी वाहत होती. आईने तिच्या माहेरच्या लग्नांतली एक पांढरी अँबॅसिडर आठवली, पुढे ड्रायव्हरशेजारी तिघं आणि मागे मोजदाद नाही. बाबांना आठवला तिचा पत्रा. "जाड होता, पण शेवटी शेवटी दारं धड बसायची नाहीत. एकच डाय किती वर्षं रगडायचा?"

मायनरच्या पुढ्यात ते असेच वाकलेले असताना त्यांना ती गोष्ट दिसली. "अगं, हा बंपर मधोमध जोडलाय."

खरंच जोडलेला होता. बंपरच्या ऐन मध्यावर चार बोटं रुंदीची वेगळी पट्टी. बॉनेटवरही नाकापासून काचेपर्यंत तेवढीच एक सपाट पट्टी उठून दिसते. ती मी आधी नक्षी म्हणून सोडून दिली होती. तिथे फिरणारे एक आजोबा होते, गळ्यात म्युझियमचं ओळखपत्र. बाबांनी त्यांना बोटाने पट्टी दाखवली आणि कामापुरत्या इंग्रजीत विचारलं, का? आजोबा एकदम खुलले. त्यांनी दोन्ही हात जोडून हळूच एकमेकांपासून लांब नेले, आणि म्हणाले, चार इंच.

गोष्ट अशी. ही गाडी ॲलेक इसिगोनिसने काढली, आजच्या तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरात जन्मलेला आणि 1922 मध्ये तिथून जीव वाचवून निघालेला माणूस. गाडीचं सगळं ठरलं, उत्पादन जवळ आलं आणि त्याला वाटायला लागलं की ती अरुंद दिसते. त्याने एक नमुना गाडी उभी मधोमध कापायला लावली. दोन्ही अर्धुकं हळूहळू लांब करत नेली आणि डोळ्याला बरं दिसलं तिथे थांबवलं. ते अंतर भरलं चार इंच. पण बंपर आधीच बनून पडलेले! मग ते कापले आणि मध्ये पट्टी ठोकली. लॉर्ड नफील्डना ही गाडी मुळात आवडलीच नव्हती, ते तिला पोच्ड अंडं म्हणायचे. पुढे दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी ठरली.

बाबा इतके हसले की आई लांबून बघायला आली. मला वाटतं त्या हसण्यात ओळख होती. साहेबाने ऐन वेळी ड्रॉइंग बदललं, माल तर तयार आहे, आता जुगाड करा: हे प्रत्येक कारखान्यात घडतं, आणि एरवी ते ग्राहकाला कधी दिसू देत नाहीत. इथे ते संग्रहालयात मधोमध उभं आहे, पहिल्याच गाडीवर. त्या दोघांनी नंतर बराच वेळ एकमेकांना काय सांगितलं ते मला कळलं नाही. बरंचसं हातवाऱ्यांनीच चाललं होतं.

चिरंजीवांना या कशात रस नव्हता. त्यांना माँटे कार्लो रॅली जिंकलेल्या लाल मिनी हव्या होत्या, आणि त्या इथे आहेत, 1964, 1965 आणि 1967 च्या. मधलं 1966 का नाही, हा प्रश्न त्याला पडणं स्वाभाविक होतं. त्या वर्षीही मिनीच पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या होत्या. पंचांनी हेडलाइटचे दिवे नियमात बसत नाहीत असं कारण काढून तिघींना बाद केलं आणि सित्रोएनला, म्हणजे फ्रेंच गाडीला, पहिलं ठरवलं. चिरंजीव दुपारभर संतापलेले होते.

अगदी सुरुवातीची मिनीही आहे, 1959 ची. सुएझच्या भानगडीत पेट्रोलचे वांधे झाले तेव्हा याच इसिगोनिसला सांगण्यात आलं की कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी काढ. त्याने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलातच ठेवला, चाकं दहा इंची केली आणि दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवली. आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक छोटी गाडी त्या आडव्या इंजिनाची ऋणी आहे, आपली मारुतीसुद्धा. आईने काचेतून आत डोकावून पाहिलं. आतून दार उघडायला चक्क दोरी, सरकत्या काचा, आणि दारात भला मोठा खण. इसिगोनिसने तो खण जिनच्या बाटल्या मावतील असा बेतला होता अशी आख्यायिका आहे. "मेल्याला दुसरं काही सुचलं नाही," आई म्हणाली. "पण खण चांगला आहे हो. तुमच्या इंडिकात डबा कुठं ठेवायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही मला."

बाबांना मात्र आजोबांनी दुसरंच काही दाखवलं होतं. पहिल्या मिनी पावसात गळायच्या, वरून नाही, खालून. तळाच्या पत्र्यांची जोड उलटी चढवली होती. मागचा पत्रा पुढच्याच्या खाली, त्यामुळे समोरून येणारं पाणी सरळ फटीत शिरायचं आणि पायाशी तळं साठायचं. बाबा यावर अजिबात हसले नाहीत. बंपरचं ठीक आहे, तो जुगाड होता. ही चूक होती, आणि एकाही कोळ्याने किंवा कौलं शाकारणाऱ्याने ती केली नसती, असं त्यांचं मत पडलं.

डबा आम्ही बाहेर हिरवळीवर उघडला. धपाटे, दाण्याची चटणी, दही. आणि तिथे सासरे-जावयाची जुंपली. नवऱ्याचं म्हणणं, जे इथे पबमध्येही ऐकू येतं, की एवढा मोठा उद्योग युनियननी बुडवला. ऑस्टिन आणि मॉरिस 1952 मध्ये एक झाले, 1968 मध्ये सगळ्यांना एकत्र बांधून ब्रिटिश लेलँड केलं, 1975 मध्ये ते सरकारला ताब्यात घ्यावं लागलं, आणि त्या दशकात गाड्या कमी आणि संप जास्त निघाले. बाबा ऐकत होते. 1989 चा पुण्यातला संप त्यांनी आतून पाहिलेला आहे. त्यावर ते घरी कधी बोलत नाहीत, इथेही बोलले नाहीत. पण नवऱ्याने मग गंमत म्हणून मिनीची एक गोष्ट सांगितली आणि तिथेच तो सापडला. मिनी बाजारात आली तेव्हा फोर्डवाल्यांनी एक विकत घेतली, स्क्रूस्क्रू सुटी केली आणि प्रत्येक भागाचा खर्च मांडला. त्यांचं गणित असं निघालं की प्रत्येक मिनीमागे कंपनी तीस पौंड घालवते आहे.

"गाडीची किंमत काय होती?"

"पाचशे पौंडांच्या आत. करासकट."

"आणि विकल्या किती?"

"सगळ्या मिळून त्रेपन्न लाखांच्या वर."

बाबांनी धपाट्याचा तुकडा खाली ठेवला. सगळ्याच काही तोट्यात गेल्या नसणार, हे त्यांनाही कळत होतं. पण ते म्हणाले, "कामगार गेट बंद करू शकतो. किंमत ठरवू शकत नाही. ती वरच्या मजल्यावर ठरते." मग आणखी एक गोष्ट त्यांच्या हाती लागली. तीच मिनी ऑस्टिनच्या नावानेही निघायची आणि मॉरिसच्या नावानेही, एक बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिजला, एक काउलीला. जाळी वेगळी, बिल्ला वेगळा. कंपन्या एक होऊन सात वर्षं झाली तरी दुकानं दोन आणि विक्रेते एकमेकांच्या उरावर. "हे पण युनियननं केलं?"

मी या वादात पडत नाही, पण माझं मत बाबांच्या बाजूला झुकलं. संपांनी रोगी खंगला असेल, रोग आधीचा होता. चकचकीत गाड्यांच्या रांगेतून फिरताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण हिशेबाच्या वह्या कुणी दिव्याखाली मांडत नाही.

मग बाबांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलेलं नव्हतं. "माझा पत्रा तुझ्या आधी इंग्लंडला येऊन गेलाय." 2003 मध्ये एमजी रोव्हरकडे, म्हणजे ब्रिटिश लेलँडच्या उरल्यासुरल्या भागाकडे, विकायला नवीन छोटी गाडी नव्हती आणि काढायला पैसा नव्हता. तीन वर्षांपूर्वी बीएमडब्ल्यूने ती कंपनी दहा पौंडांना देऊन टाकली होती, दहा, लाख-बिख काही नाही. त्यांनी मग पुण्याची इंडिका घेतली, पुढची जाळी आणि बंपर बदलले, रोव्हरचा बिल्ला लावला आणि सिटीरोव्हर म्हणून इथे विकायला ठेवली. ती गाडी पुण्यातच तयार होत होती. बाबा सांगत होते की इंग्लंडच्या लॉटला तपासणी कडक असायची आणि शॉपमध्ये त्याचं कोण कौतुक. मॉरिसचे साचे आपल्याकडे आले त्याला जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, आणि आता आपला पत्रा उलट दिशेने निघाला होता.

गाडी चालली नाही. सुरुवातच जवळजवळ साडेसहा हजार पौंडांपासून, आणि तेवढ्यात इथल्या गिऱ्हाइकाला त्याहून बऱ्या गाड्या मिळत होत्या. एप्रिल 2005 मध्ये रोव्हरच बुडाली, लाँगब्रिजमधल्या सुमारे सहा हजार लोकांची नोकरी गेली. "मिनी स्वस्त विकली, सिटीरोव्हर महाग विकली," बाबा म्हणाले. "किंमत काय लावायची ते यांना शेवटपर्यंत कळलं नाही." आम्ही फिरलो तेवढ्या भागात सिटीरोव्हर कुठे दिसली नाही. बाबा आजोबांना शोधायला पुन्हा आत गेले, पण त्यांची पाळी संपली होती.

परत आले ते नवी मागणी घेऊन. "लाँगब्रिज इथून किती लांब?"

"पाऊण-एक तास," नवरा म्हणाला. "पण बाबा, तिथं आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. बराचसा कारखाना पाडला. घरं झालीत, एक कॉलेज आहे, आणि भलंमोठं मार्क्स अँड स्पेन्सर."

सकाळपासून दिसेल त्या बाकावर बसून काढलेली आई उठली आणि तिने डबा पिशवीत टाकला. "मग इतका वेळ इथं काय करतोय आपण? किती वाजता बंद होतं ते?"